रिपोर्टला आईची किडनी दिसत नाही

पत्र

माझी आई ७२ वर्षांची आहे, वजन ५० किलो. तिला बरीच वर्षं मधुमेह आणि रक्तदाब आहे. क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून काढून टाकायचा टाकाऊ पदार्थ) १.९ आणि ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या ताकदीचा अंदाज) २८ असतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू आहे. या वर्षात तिला तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालंय. पहिल्या वेळी नायट्रोफ्युरंटॉइन दहा दिवस दिलं. जळजळ गेली नाहीच, उलट पायांच्या मुंग्या वाढल्या. त्या डॉक्टरांना किडनीचे रिपोर्ट दाखवायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या वेळी माझ्याच जुन्या दुखण्यातली को-ट्रायमॉक्साझोलची पट्टी घरात होती, ती मी सुरू केली. चौथ्या दिवशी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन २.४ आणि पोटॅशियम ५.९! डॉक्टर रागावले, गोळी बंद केली. आता लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आलाय, पण ताप नाही. नायट्रोफ्युरंटॉइनपुढे 'एस' लिहिलंय, तरी डॉक्टरांनी सेफ्युरॉक्झिम दिलं, तेही दिवसातून एकदाच. माझ्या मावशीला हीच गोळी दोनदा होती. 'एस' असलेलं सोडून दुसरं औषध का? अँटिबायोटिकने किडनी जाते म्हणतात, तर ही एक गोळीसुद्धा निम्मी करून देऊ का? मावशी म्हणते, तीन लिटर पाणी पाज. पुढच्या मंगळवारी दाखवायला जायचंय. माझ्यामुळे आईची किडनी आणखी गेली का, या विचाराने मला झोप लागत नाही.

— एक लेक

उत्तर

ताई, आधी गोळीचं सांगते, कारण ती आजही द्यायची आहे. ती निम्मी करू नका. लिहून दिली आहे तशी, तेवढीच आणि तितकेच दिवस द्या. 'दिवसातून एकदा' हे डॉक्टरांच्या नजरचुकीने झालेलं दिसत नाही. आईच्या किडनीला साजेसाच तो डोस आहे. त्याचं गणित पुढे सांगतेच. त्याआधी तुमच्या झोपेचं बघू.

को-ट्रायमॉक्साझोल म्हणजे एका गोळीत दोन औषधं, ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल. यातल्या ट्रायमेथोप्रिमचा एक गुण असा आहे की त्यामुळे किडनीला काही न होताही क्रिएटिनिनचा आकडा चढतो. रक्तातलं बहुतेक क्रिएटिनिन किडनीच्या गाळण्यांतून लघवीत उतरतं, पण थोडं क्रिएटिनिन पुढच्या बारीक नलिकांच्या पेशी रक्तातून उचलून लघवीत टाकतात. ट्रायमेथोप्रिम नेमकी ही दुसरी वाट अडवतं. गाळण्या पूर्वीइतकंच काम करत असतात, तरी रक्तातला आकडा वर जातो. ज्यांच्या गाळण्या आधीच थकल्या आहेत त्यांच्यात या दुसऱ्या वाटेवर जास्त भार असतो, म्हणून आकडाही जास्त उडी मारतो. गोळी बंद केली की काही दिवसांत तो खाली येतो. तेव्हा १.९ चं २.४ झालं यातला बराचसा भाग असा वरवरचा असण्याची शक्यता मोठी आहे. गोळी बंद केल्यानंतरचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही. तो पुन्हा १.९ च्या आसपास आला असेल, तर तुमच्या हातून आईची किडनी गेली नाही, हे मनावर पक्कं लिहून ठेवा. तो वरच राहिला असेल, तर मात्र मंगळवारी आवर्जून दाखवा. सल्फाच्या औषधांनी क्वचित किडनीला खरीखुरी सूज येते, आणि तिचा इलाज वेगळा असतो.

पण पोटॅशियमचं तसं नाही. ५.९ हा आकडा खरा होता आणि धोक्याचा होता. ट्रायमेथोप्रिम किडनीतून पोटॅशियम बाहेर टाकण्याची क्रिया मंदावतं. टेल्मिसार्टनसारखं रक्तदाबाचं औषधही तेच करतं. मुळात किडनी २८ वर असेल तर पोटॅशियम बाहेर जायला वाव थोडाच असतो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पोटॅशियम चार-पाच दिवसांत चढतं आणि त्याचा मार हृदयाच्या ठोक्यांवर बसतो. हे बहुतेक वेळा कळतही नाही. ना दुखतं, ना खुपतं. त्यात सल्फाचं औषध ग्लिमेपिराइडबरोबर पडलं की साखर एकदम खाली जाऊ शकते, हा आणखी एक धोका होता. तुम्ही चौथ्या दिवशी रक्त तपासलंत, म्हणून निभावलं. ते तपासायचं तुम्हाला सुचलं, याचंही मोल आहे.

आता क्रिएटिनिनच्या आकड्याकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. '१.९ म्हणजे थोडंसंच वाढलंय' असं मी रोज ऐकते. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. वय झालेल्या, बारीक अंगाच्या बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन तयार होतं तेच कमी. ते १.९ वर पोचलं, याचा अर्थ किडनीचं काम बरंच घटलंय. यासाठी १९७६ पासून एक साधं सूत्र वापरात आहे, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा, आणि स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. आईचं घाला: १४० वजा ७२ म्हणजे ६८, गुणिले ५०, म्हणजे ३,४००. त्याला १३६.८ ने भागलं की २४.९, आणि ०.८५ ने गुणलं की २१. आता ३० वर्षांचा, ८० किलो वजनाचा पुरुष घ्या आणि क्रिएटिनिन तेच १.९ ठेवा. उत्तर येतं ६४. कागदावर दोघांचा आकडा एकच, पण औषध बाहेर टाकण्याची ताकद तिपटीने वेगळी.

तुमच्या रिपोर्टवर ईजीएफआर २८ आहे आणि इथे २१ आलं, म्हणून गोंधळू नका. दोन्ही अंदाज वेगवेगळ्या सूत्रांचे आहेत. औषधांच्या माहितीपत्रकातले कमी केलेले डोस पुष्कळदा या जुन्या सूत्रावर बेतलेले असतात, म्हणून डोस ठरवताना आम्ही तेही करून बघतो. आईच्या बाबतीत दोन्ही आकडे ३० च्या खाली आहेत, आणि निर्णयाला तेवढं पुरतं.

तुमचा खरा प्रश्न 'एस'चा आहे. कल्चरचा कागद कसा तयार होतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवतात, वेगवेगळ्या औषधांच्या ठरावीक मात्रेपुढे त्यांना ठेवतात आणि कशापुढे वाढ थांबते ते बघतात. थांबली तर 'एस', न जुमानता वाढले तर 'आर'. त्या बशीत जंतू आहेत आणि औषध आहे. आई तिथे नाही. तिची किडनी, तिचं वय, तिची बाकीची औषधं यातलं काहीच त्या कागदाला दिसत नाही. 'एस' म्हणजे एवढंच की औषध जंतूपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचलं, तर जंतू मरेल. ते पोचेल का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर किडनीकडे असतं.

नायट्रोफ्युरंटॉइन हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. मूत्राशयाच्या इन्फेक्शनसाठी ते उत्तम औषध आहे, १९५० च्या दशकापासून वापरात आहे आणि ई. कोलाय आजही त्याला बऱ्यापैकी दबतो. त्याची सगळी करामत अशी की निरोगी किडनी ते रक्तातून भराभर उचलून लघवीत ओतते. रक्तात ते जेमतेम, लघवीत भरपूर. म्हणूनच किडनीपर्यंत चढलेल्या, तापाच्या इन्फेक्शनमध्ये ते चालत नाही, कारण रक्तात आणि मांसात ते पुरेसं नसतंच. आईची किडनी ते लघवीत पुरेसं ओतू शकत नाही. मग होतं असं, की जिथे हवं तिथे कमी पडतं आणि जिथे नको तिथे साचतं. लघवीत औषध अपुरं, म्हणून जळजळ गेली नाही. रक्तात साचलेलं औषध नसांना बाधतं. पायांत मुंग्या, बधिरपणा, जळजळ हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, आणि कमजोर किडनी व मधुमेह या दोन्हींत त्याची भीती जास्त असते. मधुमेहानेही नेमक्या अशाच मुंग्या येतात. त्यामुळे तुमच्या आईच्या मुंग्या कशाने वाढल्या हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण त्या औषधाच्या दिवसांतच वाढल्या, हे डॉक्टरांना सांगा आणि फाइलवर लिहून घ्या. नसांचं हे नुकसान कधी कधी औषध बंद करूनही पूर्ण भरून येत नाही, म्हणून ते पुन्हा सुरू न करणंच शहाणपणाचं.

हे औषध कुठवर चालतं, याच्या रेषा वेगवेगळ्या ओढल्या गेल्या आहेत. जुन्या माहितीपत्रकांत किडनीची ताकद ६० च्या खाली असेल तर देऊ नका असं होतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये ही रेषा ४५ वर आणली आणि जंतू बाकीच्या औषधांना दाद देत नसेल, तर ३० ते ४४ मध्ये काही दिवसांपुरतं देण्याची मुभा ठेवली. अमेरिकेतल्या वृद्धचिकित्सकांच्या संघटनेने २०१५ मध्ये ३० च्या खाली टाळा असं सांगितलं. या रेषांवर डॉक्टरांत मतभेद आहेत, आणि ४० ईजीएफआर असलेल्या रुग्णाला मी स्वतः पाच दिवस ते दिलेलं आहे. पण तुमची आई तिन्ही रेषांच्या खाली आहे. म्हणून 'एस' दिसत असूनही तुमच्या डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं, ते योग्यच केलं. पहिल्या वेळच्या डॉक्टरांनाही फार दोष देववत नाही. त्यांच्यापुढे तो आकडा नव्हता.

त्याच कागदावर 'एस'-'आर' शेजारी बारीक आकडे असतात, एमआयसीचे, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला औषधाची कमीत कमी किती मात्रा लागते त्याचे. त्यात ज्याचा आकडा सगळ्यात लहान ते औषध सगळ्यात जोरदार, असं समजून लोक डॉक्टरांशी वाद घालतात. तसं नसतं. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. नायट्रोफ्युरंटॉइनपुढे १६ असला तरी ते 'एस'च असतं, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ई. कोलायचा आकडा १ आला तर ते 'आर' ठरतं. एका ओळीतला आकडा दुसऱ्या ओळीशी ताडून बघू नका.

आता तुमची सेफ्युरॉक्झिमची गोळी. हे औषध शरीरात फारसं मोडत नाही, जसंच्या तसं किडनीवाटे बाहेर पडतं. धडधाकट माणसाच्या रक्तातलं निम्मं औषध तास-दीड तासातच निघून जातं, म्हणून मावशींना बारा तासांनी दुसरी गोळी लागत होती. किडनीची ताकद १० ते ३० च्या दरम्यान असली की तीच गोळी कितीतरी जास्त वेळ अंगात टिकते, म्हणून माहितीपत्रकातच नेहमीचा डोस २४ तासांतून एकदा असं दिलेलं आहे. आईच्या अंगात एक गोळी जवळपास दोन गोळ्यांचं काम करते. मावशींचा डोस आईला दिला असता तर औषध साचलं असतं, आणि आईचा डोस मावशींना पुरला नसता. दोघींच्या चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर आहेत.

म्हणूनच निम्मी करायची नाही. किडनीसाठी जेवढं कमी करायचं ते डॉक्टरांनी आधीच केलंय. तुम्ही त्याचं आणखी निम्मं केलंत, तर लघवीत औषध जंतू मारण्याइतकं उरणार नाही; दुबळे जंतू मरतील, चिवट मागे राहतील आणि चौथ्या वेळच्या कल्चरमध्ये 'आर'ची रांग लागेल. शिवाय अर्धवट दबलेलं इन्फेक्शन मूत्राशयातून किडनीत चढलं तर ताप येतो, रक्तदाब पडतो, आणि त्या दोन-चार दिवसांत किडनीचं जेवढं नुकसान होतं तेवढं या गोळीने होणार नाही. घाबरून कमी केलेल्या डोसाने बिघडलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या घरच्यांनी ते प्रेमापोटीच केलेलं असतं.

'अँटिबायोटिकने किडनी जाते' या वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या सुट्या केल्या तर तुमची भीती योग्य जागी बसेल. काही औषधं खरोखर किडनीला इजा करतात. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही इंजेक्शनं त्यातली. ती कानालाही बाधतात. चिवट जंतूंसाठी कधी ती द्यावीच लागतात, पण मग मोजून, थोड्या दिवसांसाठी आणि क्रिएटिनिनवर नजर ठेवून. दुसरा प्रकार असा की औषध किडनीला काही करत नाही, पण किडनी ते बाहेर टाकत नाही, म्हणून साचून दुसरीकडेच घाव घालतं. सेफेपिम नावाचं इंजेक्शन आहे. किडनी कमजोर असताना डोस कमी केला नाही तर रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, गुंगीत जातो, कधी अंग न झटकता मेंदूत फिट चालू राहते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. घरच्यांना वाटतं इन्फेक्शन डोक्यात गेलं, आणि असतं ते औषध. तिसरा प्रकार बहुधा तुम्ही अनुभवलात: किडनी तेवढीच, नुसता आकडा वाढलेला. या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. 'अँटिबायोटिकच नको' हा यातल्या कशाचाच उपाय नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिनबद्दल दोन शब्द, कारण पुढे कधीतरी कोणीतरी ते सुचवेलच. डोस कमी करून ते कमजोर किडनीत देता येतात, आणि इन्फेक्शन किडनीत चढलं असेल तर कामालाही येतात. पण साठीच्या पुढे त्यांनी टाचेच्या वरचा स्नायूबंध (टेंडन) सुजण्याचा, तुटण्याचा धोका असतो, आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर अचानक उतरू शकते. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनमध्ये दुसरा पर्याय असेल तर ही औषधं वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं. ती द्यायची वेळ आलीच, तर कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीची गोळी त्याच वेळी देऊ नका. औषध त्यांना चिकटतं आणि अंगात लागतच नाही.

पाण्याचं. मावशींचा सल्ला निरोगी किडनीच्या बाईसाठी ठीक आहे. आईसाठी तीन लिटरचा आकडा कोणत्याही हिशेबाशिवाय पकडू नका. पायावर सूज आहे का, झोपल्यावर धाप लागते का, दिवसभरात लघवी किती होते, यावर तिचं पाणी ठरतं. सूज नसेल आणि लघवी नीट होत असेल, तर तहान भागून थोडं जास्त पिऊ द्या आणि तीन-चार तासांनी लघवीला जाण्याची आठवण करा. सूज असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा इन्फेक्शनमध्येही मोडायची नाही. याहून मला काळजी वाटते ती जळजळ थांबवणाऱ्या सिरपची. लघवीची आम्लता कमी करणाऱ्या काही सिरपमध्ये पोटॅशियम सायट्रेट असतं. ज्या आईचं पोटॅशियम ५.९ ला जाऊन आलंय, तिला ते सिरप म्हणजे पुन्हा त्याच दाराशी नेणं. बाटलीवरचं लेबल वाचा. पोटॅशियम दिसलं तर देऊ नका. सोडियमवालं असेल तरी विचारूनच द्या. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्या वाटेलाही जाऊ नका. टेल्मिसार्टन घेणाऱ्या, कमजोर किडनीच्या माणसाला ती दोन दिवसांतही महागात पडतात. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालतं.

वर्षात तीनदा झालं, ही बाब मात्र मी गोळीपेक्षा जास्त गंभीर मानते. इतक्या वेळा झालं की कारण शोधावंच लागतं. सोनोग्राफीत खडा आहे का, किडनीला सूज आहे का, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते, हे बघून घ्या. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात, ते पूर्ण रिकामं होत नाही, आणि साचलेल्या लघवीत जंतू पुन्हा पुन्हा घर करतात. असं असेल तर गोळ्या बदलून काही होणार नाही. दुसरं म्हणजे, पाळी गेल्यानंतर योनिमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिथले चांगले जंतू कमी होतात. तिथे लावायची कमी मात्रेची इस्ट्रोजेन क्रीम वारंवार होणारी इन्फेक्शनं कमी करते, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. ती जागीच काम करते, रक्तात फारच थोडी जाते. बायका हा विषय डॉक्टरांकडे काढत नाहीत आणि डॉक्टरही घाईत विसरतात. तुम्ही काढा. आईला स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल, तर ते आधी सांगा.

एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी. आईची जळजळ गेली, ती बरी आहे, आणि तरी लघवीच्या तपासणीत पस सेल्स किंवा कल्चरमध्ये जंतू आले, तर औषध मागू नका. किडनीच्या आजारात आणि वयामुळे पस सेल्स इन्फेक्शन नसतानाही दिसतात. वय झालेल्या बायकांमध्ये कसलाही त्रास न देता जंतू राहतात, त्यांना मारून फायदा होत नाही आणि चिवट जंतू तेवढे तयार होतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया असे मोजके प्रसंग सोडले, तर त्रास नसताना उपचार करत नाहीत. म्हणून बरं वाटल्यावर 'खात्रीसाठी' पुन्हा कल्चर करण्याचीही गरज नाही. त्रास पुन्हा सुरू झाला तर मात्र पहिली गोळी देण्याआधी नमुना द्या. जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्या आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या लघवीत जंतू वाढत जातात आणि रिपोर्ट दिशाभूल करतो.

डायलिसिसवर असलेल्यांच्या घरून मला हाच प्रश्न येतो, त्यांच्यासाठी एवढंच: कित्येक अँटिबायोटिक डायलिसिसमध्ये धुऊन निघतात, म्हणून त्या दिवशीचा डोस डायलिसिस झाल्यानंतर घ्यायचा असतो. आपल्या औषधाचं तसं आहे का, हे युनिटमध्ये विचारून घ्या.

मंगळवारची वाट बघू नये अशी काही लक्षणं आहेत. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्यांमुळे गोळी न टिकणं, लघवी एकदम कमी होणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, छातीत धडधड, हातापायांतलं बळ जाणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. उलट्या किंवा जुलाब होऊन पाणी कमी पडत असेल, तर टेल्मिसार्टन त्या दिवसापुरतं थांबवायचं का हे फोन करून विचारा. मनाने थांबवू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. दोन-तीन दिवस गोळी घेऊनही जळजळ तशीच असेल, तरीही मंगळवारपर्यंत थांबू नका.

मंगळवारी जाताना तिन्ही वेळच्या औषधांच्या पट्ट्या किंवा त्यांची नावं, आणि क्रिएटिनिन-पोटॅशियमचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: वय ७२, वजन ५०, ईजीएफआर २८, टेल्मिसार्टन, ग्लिमेपिराइड, को-ट्रायमॉक्साझोलने पोटॅशियम ५.९, नायट्रोफ्युरंटॉइनमध्ये मुंग्या वाढल्या. कोणत्याही डॉक्टरांकडे, दातांच्या असोत की डोळ्यांच्या, आधी हे पान पुढे करा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आज पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा बघायचं का, लघवी केल्यानंतर उरणाऱ्या लघवीची सोनोग्राफी कधी करायची, आणि इस्ट्रोजेन क्रीम आईला चालेल का. आणि ती को-ट्रायमॉक्साझोलची उरलेली पट्टी अजून कपाटात असेल, तर आजच काढून टाका.